पिच्चरमधली आई

रंगराव मालकांच्या कंपनीत मी तेवीस वर्षं पेटी वाजवली. कंपनी म्हणजे एक मोठा लाकडी पाळणा, एक जादूचा तंबू आणि मौत का कुआँ. कुव्याच्या दाराशी फळ्यांचं माचाण असे. त्यावर पंचफुला उभी राहून गायची आणि मी बाजूला पेटी घेऊन बसायचो. गाणं फुकट होतं. गाणं ऐकायला माणसं थांबत, गर्दी जमली की मालक भोंग्यावरून हाक देत आणि लोक तिकीट काढून आत जात. आत फटफटी गरगरू लागली की पंचफुला गप्प बसायची, कारण त्या आवाजापुढं कोणाचं काही चालत नसे. खेळ संपला की ती पुन्हा उभी. दिवसातून दहा-बारा वेळा हेच.

तिचा आवाज गोड नव्हता. जत्रेत गोड आवाज चालतही नाही. तिचा आवाज लांब जायचा. चिखलीच्या बाजारात ती गाऊ लागली की पार तिकडं बैलांच्या सौद्याला बसलेला माणूस रुमालाखालचा हात तसाच ठेवून मान वर करायचा.

ती मूळची अमडापूरची. बाप माळी, वांगी-मिरचीचा मळा. बीबीच्या इंद्रभानशी लग्न झालं आणि तिसऱ्या वर्षी तो तापानं गेला. मागं दोन वर्षांची पोर राहिली, जनका. मोठे दीर नारायणराव आणि जाऊ कौशल्याबाई यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी या दोघींना जपलं. घरात भाकरीला कमी नव्हतं, कोणी वाकडा शब्द बोलत नव्हतं. पंचफुलानं ही गोष्ट मला कधीच वेगळी करून सांगितली नाही.

महाराष्ट्र व्हायच्या पाच-सहा वर्षं आधी आमची कंपनी बीबीला आली. ही बाई चार दिवस रोज माचाणासमोर येऊन उभी राहिली. तेव्हा आमच्याकडं गाणारी दुसरी होती, तिचा घसा गेला होता. पाचव्या दिवशी पंचफुला सरळ माझ्याकडं आली आणि म्हणाली, "मले गाता येते." मालकांनी गाऊन घेतलं. कंपनी मेहकरला हलली तेव्हा पोरीला जावेजवळ ठेवून ती आमच्या गाडीत होती.

तिसऱ्या दिवशी नारायणराव बैलगाडी घेऊन मेहकरला आले. सोबत कौशल्याबाई, आणि त्यांच्या खांद्यावर झोपलेली जनका. त्यांनी आरडाओरड केली नाही. घरी चल, कोणी काही विचारणार नाही, एवढंच म्हणाले. ती म्हणाली, आता नाही, होळीनंतर येऊन पोरीला घेऊन जाईन. तेव्हा मात्र ते म्हणाले की पोर जत्रेत वाढणार नाही. तू जातेस तर जा, पण मग पोरीला आम्ही सांगू की तिची आईही बापामागं गेली. रोज वाट पाहण्यापेक्षा ते बरं.

पंचफुला बराच वेळ पोरीकडं बघत उभी राहिली. मग हो म्हणाली.

पुढं कंपनी दरवर्षी बीबीला जायची, पण ती जायची नाही. तेवढे दिवस मेहकरच्या धर्मशाळेत राहायची. गावाला सगळं ठाऊक होतं. पण नारायणरावांना गावात मान होता आणि पोरीच्या तोंडावर कोणी कधी बोललं नाही.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. चौसष्ट साली अमडापूरच्या देवीच्या जत्रेत मुंबईची पिच्चरवाली माणसं आली. त्यांना जत्रेतल्या एका गाणारणीचा पिच्चर काढायचा होता आणि खरी जत्रा पाहिजे होती. नटी छत्रीखाली बसायची, फार तर तासभर माचाणावर उभी राहून ओठ हलवायची. डायरेक्टर साहेब मात्र वेगळा माणूस. शांत, चष्मेवाला. त्यांनी पंचफुलाला ऐकलं आणि सलग तीन दुपारी ते तिच्यासमोर वही घेऊन बसले.

तिनं त्यांच्यापासून काहीच लपवलं नाही. मी बाजूला पेटीचा भाता चिकटवत होतो, सगळं ऐकत होतो. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला परत जावंसं वाटलं नाही?"

"वाटलं," ती म्हणाली. "लई वेळा वाटलं. पण गाणं सोडून नाही वाटलं."

साहेबांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी विचारलं की पोरीला काय गाऊन झोपवायचात. तिनं स्वतः जुळवलेली ओवी म्हणून दाखवली.

*कापूस फुटला व माय, चांदणं पडलं वाफ्यात,*
*निजली माही लेक, वारा थांबला झोक्यात.*

साहेब म्हणाले, बाकीची गाणी मुंबईची बाई गाईल, पण हे तुम्हीच गायचं. महिनाभरानं आम्हा दोघांना मुंबईला बोलावलं. तिथं भिंतींना गाद्या मारलेली एक खोली होती. पंचफुला आत उभी राहिली आणि तिच्या तोंडून सूर निघेना. समोर कोणीच नाही, कोणाला गाऊ, म्हणाली. शेवटी त्यांनी मला एक स्टूल दिलं आणि तिच्यापुढं बसवलं. ती माझ्याकडं बघून गायली, पण ती मला बघत नव्हती हे मला कळत होतं. काचेपलीकडची माणसं उठून उभी राहिली.

दीड वर्षानं पिच्चर बुलढाण्याला लागला. मालकांनी एक दिवस सुट्टी दिली. आम्ही एसटीनं गेलो, दुपारच्या खेळाला बसलो. सुरुवातीला नावं आली तेव्हा शेवटच्या पाटीवर तिचंही नाव होतं. मी तिला वाचून दाखवलं. ती लाजली, पदर तोंडाशी धरला.

मग गोष्ट सुरू झाली. गाव आमच्यासारखंच, घर तसंच. पण पिच्चरमधला दीर मोठ्या मिश्यांचा, डोळे लाल. तो भावजयीच्या कडेवरून पोर ओढून घेतो, तिला केसाला धरून अंगणाबाहेर ढकलतो, आणि जाऊ दारात उभी राहून हसते. नटी बंद दारावर डोकं आपटते. तिथं पंचफुलाचं गाणं सुरू झालं. अख्खं थेटर रडायला लागलं. माझ्या पलीकडच्या बाईनं तर हुंदका दाबायला लुगड्याचा बोळा तोंडात धरला होता.

पंचफुला रडली नाही. ताठ बसून होती. बाहेर आल्यावर उन्हात उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी तसे नव्हते."

तिनं माझ्याकडून साहेबांना पत्र लिहून घेतलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं, बाई, गाण्यासाठी लेकरू टाकून जाणारी आई लोकांनी सोसली नसती. तुमच्यासाठी लोकांच्या डोळ्यांत पाणी यावं, एवढाच माझा हेतू होता. तिनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि घडी करून ठेवलं. साहेब खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही.

गाणं खूप चाललं. मालकांनी माचाणावर नवी पाटी लावली, 'पिच्चरवाली पंचफुला'. लोक लांबून येऊ लागले. फटफटीपेक्षा तिला बघायला गर्दी व्हायची. बाया तिच्या हाताला हात लावून जायच्या, तिच्या दिराला शिव्या द्यायच्या. पहिल्या-पहिल्यांदा तिनं एक-दोघींना सांगून पाहिलं की असं घडलं नाही. त्या म्हणायच्या, किती मोठ्या मनाची बाई, अजूनही घरच्यांचं झाकते.

मग तो पिच्चर फिरत्या तंबू टॉकीजबरोबर गावोगाव निघाला आणि हिवाळ्यात बीबीला पोचला. पुढचं मला नंतर कळलं, थोडं जनकाकडून, थोडं कौशल्याबाईंकडून. जनका तेव्हा चौदा वर्षांची, सातवी पास झालेली. मैत्रिणींबरोबर ती पिच्चर पाहून आली. रडून डोळे सुजले होते. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कोणीतरी बोलून गेलं की पोरी, ही तुझ्याच मायची गोष्ट आहे.

गावानं दहा-बारा वर्षं जे तोंडात धरून ठेवलं होतं ते एका दिवसात बाहेर पडलं, आणि तेही पिच्चरमधलं होऊन. ज्यांनी नारायणरावांना स्वतःच्या डोळ्यांनी मेहकरला जायला गाडी जुंपताना पाहिलं होतं तीच माणसं आता काहीबाही आठवू लागली. एक म्हातारी तर शपथेवर सांगू लागली की त्या दिवशी तिनं पंचफुलाचा आक्रोश ऐकला होता. नारायणरावांनी पारावर बसायचं सोडलं. कौशल्याबाईंना हळदीकुंकवाला बोलावणं येईना.

जनकानं त्यांना विचारलं. नारायणराव म्हणाले, माय जिवंत आहे हे आम्ही लपवलं, तेवढी आमची चूक. पण हाकललं नाही. तिनं विश्वास ठेवला नाही. ज्यांनी जिवंत बाईला मेली म्हटलं ते आणखी एक खोटं का बोलणार नाहीत, असं तिला वाटलं. आणि त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

कंपनीचा मुक्काम तेव्हा मेहकरला होता. एका सकाळी दहाच्या सुमारास पत्र्याची ट्रंक हातात घेतलेली एक पोरगी पाळण्याजवळ येऊन उभी राहिली. पंचफुला न्हाऊन उन्हात केस वाळवत होती. तिनं मान वर केली आणि हातातला पंचा खाली पडला. मला कोणी सांगायची गरज पडली नाही. नाक, कपाळ, उभं राहण्याची ढब, सगळं तेच होतं.

"तू पंचफुला का?" पोरीनं विचारलं.

"हाव."

"मी जनका."

दोघी कितीतरी वेळ एकमेकींना धरून बसल्या. जादूवाला, कुव्यातले फटफटीवाले, सगळे लांबून बघत होते, जवळ कोणी आलं नाही. मग पंचफुलानं चूल पेटवली, पिठलं टाकलं, गरम भाकरी केल्या. पोर जेवत होती आणि ती समोर बसून फक्त बघत होती. मी तिला आयुष्यात इतकं सुखी कधी पाहिलं नाही. तिचा चेहराच बदलला होता. जेवण झाल्यावर ती पोरीच्या मागं बसली, तिचे केस सोडले आणि तेल लावून वेणी घालू लागली. शाळेचं विचारत होती, गुरुजी मारतात का, गणित येतं का. पोर सगळं सांगत होती. मी आता तिकडं परत जाणार नाही, तुझ्याजवळच राहणार, असंही तिनं सांगितलं. मालकांनी लांबूनच मान डोलावली होती, राहू दे म्हणून.

मग जनका म्हणाली, "ज्यानं तुले हाकललं, त्याले मी इतके वर्षं मोठे बाबा म्हटलं. येताना त्याच्या तोंडावर सांगून आली, की तुमचं तोंड पाहणार नाही. ते रडले. मी पाहिलंबी नाही."

पंचफुलाचे हात वेणीत थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. मी खरंच मनातून म्हणत होतो की बाई, आज नको, हवं तर दहा वर्षांनी सांग. पोर आत्ताच तर आलीय.

"जनका," ती म्हणाली, "मले कोणी हाकललं नाही."

पोरीनं मान वळवली.

"तुहे मोठे बाबा गाडी घेऊन इथंच, मेहकरले आले होते. घरी चल म्हणत होते. मी नाही गेली."

"काऊन?"

"मले गायचं होतं."

जनकानं विचारलं, "तवा मी कुठी होती?"

"मोठीमायच्या खांद्यावर. झोपली होती."

"तुले दिसली होती मी?"

"हाव," पंचफुला म्हणाली. "दिसली होती."

पोर उठली. अर्धी वेणी पंचफुलाच्या हातातून सुटली. "पिच्चरमधली माय..." असं काहीतरी ती बोलायला लागली आणि थांबली. तिनं ट्रंक उचलली. पंचफुलानं तिला अडवलं नाही, तिच्या पाया पडली नाही, माफीही मागितली नाही. मला एवढंच म्हणाली, पुंजाजी, पोर एकटी आहे, तिला घरापर्यंत सोडून या.

मी तिच्याबरोबर एसटीत बसलो. बीबी येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. पऱ्हाटीच्या शेतात कापसाची वेचणी चालली होती. मध्येच एकदा तिनं विचारलं, "मामा, ते गाणं तिचंच आहे का?" मी म्हणालो, तिचंच, तुझ्यासाठीच जुळवलेलं. ती पुन्हा खिडकीकडं वळली. मी असं सांगायला नको होतं की काय, हे मला आजही कळत नाही.

दारात कौशल्याबाई होत्या. पोर त्यांच्या बाजूनं आत गेली, आणि आतून एकदम तिच्या रडण्याचा आवाज आला. नारायणराव ओसरीवर बसले होते ते उठून आत गेले. कौशल्याबाईंनी मला विचारलं काय झालं. मी जसं घडलं तसं सांगितलं. त्या खाली उंबऱ्यावरच बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्या नाहीत. मला पाणी विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

मी परत आलो तेव्हा कळलं की पंचफुला पेटीशिवायच दुपारपासूनचे सगळे खेळ गायली होती. फक्त पिच्चरमधलं गाणं तिनं म्हटलं नाही. लोक ओरडत राहिले. मालक रागावले, समजावून पाहिलं, काढून टाकण्याची धमकीही दिली. ती म्हणाली, काढा. आठवडाभरानं मालकांनी स्वतःच ती पाटी उतरवली. गर्दी कमी होऊन पहिल्यासारखी झाली.

दोन वर्षांनी चिखलीच्या मुक्कामी कौशल्याबाई एकट्याच आल्या. जनकाचं लग्न ठरलं होतं, सिंदखेडकडचं घर, मुलगा शाळामास्तर. जावा-जावा कनातीच्या सावलीत बसल्या. कौशल्याबाईंनी आधी लग्नाचं सगळं सांगितलं, मग म्हणाल्या, "तू खोटं बोलली असती तर पोरगी तुह्याजवळ राह्यली असती. आमचा काही इलाज चालला नसता. काऊन खरं सांगितलं तू?"

"तुमचं घर जळून राह्यलं होतं, जाऊबाई," पंचफुला म्हणाली. "माह्याच गाण्यानं."

कौशल्याबाईंनी तिचा हात धरला. लग्नाला ये म्हणाल्या. बायांमध्ये उभी राहा, मी कोणाला काही बोलू देणार नाही. पंचफुलानं विचारलं, जनका काय म्हणते. कौशल्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. खोटं बोलणं त्यांनाही जमण्यासारखं नव्हतं.

"ती नाही म्हणते."

"मंग नका बोलावू," पंचफुला म्हणाली. "तिच्या लग्नात तिचंच चालू द्या."

लग्नाच्या दिवशी आम्ही देऊळगावला होतो. ती नेहमीसारखी गायली. दुपारी, अक्षता पडायच्या वेळेला, तिनं मला थांबायला सांगितलं, माचाणावरून खाली उतरली आणि कुव्याच्या फळ्यांना पाठ लावून बसली. आत फटफटी चालू होती, फळ्या थरथरत होत्या. त्या आवाजात ती रडली असेल तर कोणाला ऐकू आलं नाही. खेळ संपला तशी ती उठून पुन्हा वर आली.

त्यानंतर जनका आम्हाला एकदाच दिसली. एकाहत्तरचा उन्हाळा असेल. जत्रेच्या परवान्यासाठी मी आणि पंचफुला बुलढाण्याला गेलो होतो. काम आटोपून स्टँडवर आलो तर एकच बाकडं सावलीत होतं आणि त्यावर जनका बसलेली. मांडीवर वर्षभराचा मुलगा, त्याच्या मुठीत बिस्किट. जवळ नवरा दिसत नव्हता, चौकशीच्या खिडकीकडं गेला असावा.

पंचफुला जागच्या जागी थांबली. जनकानं तिला ओळखलं. थोडा वेळ ती तशीच बघत राहिली. मग तिनं बाजूची पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि बाकड्यावर जागा केली.

पंचफुला बसली. दोघींमध्ये वीतभर अंतर. पोरगं अनोळखी बाईकडं टक लावून बघत होतं आणि चिकट हात पुढं करत होतं. पंचफुलानं स्वतःचे दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ठेवले होते. ती मुलाकडं बघत होती, पण त्याला शिवली नाही. जनकानं मुलाचा हात पुसला, त्याला दुसऱ्या मांडीवर घेतलं. असा पाऊण तास गेला असेल. मी टपरीजवळ उभा होतो. माझ्या हातातला चहा कधी गार झाला कळलं नाही.

सिंदखेडची गाडी लागली. नवरा लांबून हात करू लागला. जनका उठली, पिशवी घेतली, मुलाला कडेवर घेतलं. मग वळून तिनं विचारलं, "तुमची गाडी कोणती?"

"चिखलीची," पंचफुला म्हणाली.

"ती मागून लागते," जनका म्हणाली आणि गर्दीत शिरली.

मी येऊन पंचफुलाच्या शेजारी बसलो. तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "तिनं मले 'तुही' नाही, 'तुमची गाडी' म्हटलं, पुंजाजी. मायले कोणी असं म्हणत नाही."

थोड्या वेळानं चिखलीची गाडी आली. कंडक्टरनं दार उघडलं, आत बरीच जागा होती. आम्ही बसलो.